गाठ होती, पण दुखणं तिचं नव्हतं: ओटीपोटातली वेदना आणि अनियमित रक्तस्राव, एक प्रकरण

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका गावातली ४२ वर्षांची बाई. पहिलं बाळंतपण सरळ, दुसरं सिझेरियन आणि त्याच वेळी कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन. घरी भातशेती, थोडे काजू, दोन म्हशी. दोन वर्षांपासून ओटीपोटात दुखतं आणि पाळीला काही धरबंध नाही, ही तक्रार. हातातल्या पिशवीत कागदांची चळत होती: सरकारी दवाखान्याची कन्नड चिठ्ठी, बेळगावातला सोनोग्राफीचा इंग्रजी रिपोर्ट, सीमेपलीकडच्या एका दवाखान्याची मराठी फाइल. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.)

रिपोर्टमध्ये कामाच्या दोन ओळी होत्या. गर्भाशय किंचित मोठं आणि भिंतीत २ सेंटिमीटरची गाठ, म्हणजे फायब्रॉइड. एवढ्यावर दोन ठिकाणी एकच सल्ला मिळाला होता: पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढून टाका. घरात पैशांची जमवाजमव सुरू होती, एक म्हैस विकायचं ठरत होतं. तिच्या जावेची पिशवी ३४व्या वर्षीच काढलेली, त्यामुळे या ऑपरेशनचं घरात कुणाला नवल नव्हतं. माझ्याकडे ती दुसरं मत घ्यायला आलीच नव्हती. हिमोग्लोबिन ७.९ होतं, भूल देणाऱ्या डॉक्टरांनी एवढ्या कमी रक्तावर भूल द्यायला नकार दिला होता, म्हणून ‘रक्त वाढवून द्या’ एवढंच मागणं घेऊन ती आली होती. त्या नकारानं तिचं भलं केलं.

सगळ्या कागदांवर तक्रार एकाच दमात लिहिलेली होती: पोटात दुखणे व जास्त अंगावर जाणे, दोन वर्षे. दोन तक्रारी एका ओळीत आल्या की त्यांचं कारणही एकच असणार असं वाटू लागतं, आणि सोनोग्राफीत गाठ दिसली की शोध तिथेच थांबतो. मला आधी या दोन्ही तक्रारी वेगळ्या करून पाहायच्या होत्या.

तारखा काय सांगतात

पाळी कधी येते, किती दिवस असते, हे विचारलं तर उत्तर आलं, “काय नेम न्हाई बघा बाई, कधीपण येतंय.” बहुतेक जणी हेच सांगतात आणि त्यावरून काहीच कळत नाही. म्हणून विचारलं, घरच्या कालनिर्णयवर खूण करता का? करत होती. देवघरात शिवायचं नाही, सणवाराला दिवस मोजावे लागतात, त्यामुळे आमच्याकडच्या कितीतरी बाया खूण करतातच. पुढच्या वेळी येताना ती जुनी पानं घेऊन आली. दुधाचा हिशेब, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख आणि त्यातच पेनानं केलेल्या फुल्या आणि ठिपके. जास्त गेलं की फुली, नुसता डाग दिसला की ठिपका.

चौदा महिन्यांची पानं टेबलावर मांडल्यावर ‘नेम नाही’ या म्हणण्याचे तीन तुकडे पडले. खऱ्या पाळीला नेम होता. दर २६ ते ३० दिवसांनी फुल्यांची रांग सुरू व्हायची आणि सात-आठ दिवस चालायची. पहिल्या तीन दिवसांत गुठळ्या पडायच्या. स्त्रीरोगतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिगो’ २४ ते ३८ दिवसांचं चक्र आणि ८ दिवसांपर्यंतचा रक्तस्राव नेहमीच्या मर्यादेतला मानते. तेव्हा तिची पाळी अनियमित नव्हतीच, ती जड होती. दुसरा तुकडा दोन पाळ्यांमधल्या ठिपक्यांचा. ते मात्र कुठेही विखुरलेले होते.

तिसरा तुकडा वेगळाच होता. दोन ठिकाणी पाळीची तारीख कोरी गेली होती आणि त्यानंतर दहा-बारा दिवस सलग फुल्या. एक जागा गावच्या महालक्ष्मी यात्रेच्या सुमाराची, दुसरी पुतण्याच्या लग्नाची. तेव्हा काय घेतलं होतं, असं विचारल्यावर ती हसली. यात्रा इतक्या वर्षांनी आलेली, घरात पाहुण्यांची रीघ, अशा वेळी ‘बाहेरची’ होऊन कसं चालेल? मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या होत्या.

या गोळ्या नॉरएथिस्टेरॉनच्या. गोळ्या चालू असेपर्यंत गर्भाशयाचं अस्तर टिकून राहतं, बंद केल्या की दोन-चार दिवसांत ते सुटतं आणि रक्त जातं. ते तसं जाणारच, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. रक्त दिसलं की ती पुन्हा त्याच गोळ्या घ्यायची, थांबलं की सोडायची. मग परत रक्त. निम्मा गोंधळ औषधानं केलेला होता आणि दोन्ही वेळा सोनोग्राफी नेमकी याच गोंधळाच्या मधे झाली होती. आमच्या भागात यात्रा, वारी, सौंदत्तीला जाणं, वास्तुशांत अशा निमित्तांनी या गोळ्या किती सहज घेतल्या जातात हे कुठल्याही औषध दुकानदाराला विचारा. एखाद्या वेळी, तपासून घेऊन घेतल्या तर फारसं बिघडत नाही. पण अवेळी रक्तस्रावाचं कारण शोधायच्या आधीच घेतल्या तर कारण झाकलं जातं.

दुखण्याच्या तारखाही विचारल्या. पाळीच्या आदल्या दिवशी कळ सुरू व्हायची, तीन दिवस मांड्यांपर्यंत जायची, एरवी ओटीपोटात नुसतं जडपण. ठिपक्यांच्या दिवशी मात्र काहीही दुखत नव्हतं. तपासणीच्या टेबलाकडे जाण्याआधीच मला पटलं होतं की रक्ताचे ठिपके आणि वेदना यांची मुळं वेगळी आहेत.

एक प्रश्न नवरा आणि जाऊ समोर असताना विचारण्यासारखा नव्हता. दोघांना केसपेपर करायला पाठवलं आणि विचारलं, नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त दिसतं का? बराच वेळ ती पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली, “व्हय. म्हणून तर आता मी नको म्हणतो.” (आमच्याकडे बायासुद्धा ‘मी म्हणतो’ असंच बोलतात.) ही गोष्ट कुठल्याच कागदावर नव्हती, कारण कुणी विचारलीच नव्हती. संबंधानंतरचं रक्त हे गर्भाशयाच्या मुखाकडे बोट दाखवणारं लक्षण आहे. ते कळल्यावर मुख डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जाणं म्हणजे निष्काळजीपणा.

आत पाहिल्यावर

दोन वर्षांत तीन ठिकाणी दाखवलं, दोनदा सोनोग्राफी झाली, पण आतून तपासल्याची नोंद एकाही ठिकाणी नव्हती. याची कारणं मला ठाऊक आहेत. ओपीडीत गर्दी, बरोबर बाई कर्मचारी नाही, समोर पुरुष डॉक्टर. आणि पेशंटच म्हणते, आज अंगावर जातंय, आज नको. पण रक्त जातंय म्हणूनच तर पाहायचं असतं. स्पेक्युलम लावून मुख पाहायला दोन मिनिटं लागतात आणि ते कुठल्याही तालुका दवाखान्यात होऊ शकतं.

मुखातून साधारण दीड सेंटिमीटरचा लालभडक पॉलिप, म्हणजे मांसाचा कोंब, लोंबत होता. कापसाचा बोळा लागताच त्यातून रक्त आलं. संबंधानंतरचे आणि अधलेमधले ठिपके इथूनच येत असणार. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत असला छोटा पॉलिप सहसा दिसत नाही, त्यामुळे रिपोर्ट खोटा होता असं मी म्हणणार नाही. त्याच्याकडून जे कळणं शक्य नव्हतं तेही त्यानं सांगावं अशी अपेक्षा ठेवली गेली होती.

मुखाचा बाकीचा भाग स्वच्छ होता, तरी एचपीव्हीची, म्हणजे मुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूची, चाचणी केली. त्या दिवशी माझ्या मनात खरी धास्ती मुखाच्या कर्करोगाची होती. भारतीय बायकांमध्ये तो अजूनही वरच्या क्रमांकांवर आहे, आणि संबंधानंतर रक्त, दोन पाळ्यांमध्ये रक्त, घाण वासाचं पांढरं जाणं ही त्याची लक्षणं आहेत. कर्करोग असताना ते न कळताच साधं गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन झालं तर उपचार अर्धवट होतो. पुढचे किरणोपचार अवघड होतात आणि बरं होण्याची शक्यता घटते. पिशवी काढण्याच्या घाईतला हा धोका माझ्या मते सगळ्यात मोठा, आणि पेशंटशी बोलताना त्याचाच उल्लेख सगळ्यात कमी होतो.

ही तपासणी खेड्यात जमत नाही असं म्हणायलाही फारशी जागा नाही. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ बायकांवर झालेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनंही मुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, असं त्यात दिसलं. मराठवाड्याच्या खेड्यात जे झालं ते खानापूरच्या खेड्यात का होऊ नये?

हातानं तपासताना गर्भाशय आठ आठवड्यांच्या गर्भाएवढं, गोलसर आणि दाबल्यावर दुखरं लागलं. ते सुटं हलत होतं, मागे चिकटल्यासारखं वाटलं नाही. मुख हलवल्यावर कळ आली नाही, ताप नव्हता, वासाचं पाणी जात नव्हतं. त्यामुळे ओटीपोटातला जंतुसंसर्ग मागे पडला. तो असता तर दोन आठवड्यांची प्रतिजैविकं लागली असती, आणि नवऱ्यालाही औषध द्यावं लागलं असतं. नाहीतर संसर्ग परत येतो.

मग पाळी संपल्यावर योनीमार्गातून सोनोग्राफी करून घेतली. फायब्रॉइड होता, पण भिंतीच्या बाहेरच्या बाजूला, पोकळीपासून लांब. रक्तस्राव वाढवतात ते मुख्यतः पोकळीत डोकावणारे फायब्रॉइड. बाहेरच्या बाजूची २ सेंटिमीटरची गाठ चाळिशीतल्या कितीतरी बायकांच्या पोटात असते आणि तिचा त्यांना पत्ताही नसतो. रिपोर्टमध्ये सहज दिसली म्हणून सगळा दोष तिच्या माथी आला होता. खरी खूण मागच्या भिंतीत होती. ती पुढच्या भिंतीपेक्षा जाड होती, आत बारीक पाण्याचे कप्पे होते, अस्तर आणि स्नायू यांच्यातली सीमारेषा पुसट झाली होती. हे ॲडेनोमायोसिस. अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाच्या स्नायूत शिरतात, गर्भाशय फुगतं, पाळी जड होते आणि पाळीच्या दिवसांत कळा येतात. हा आजार चाळिशीत जास्त दिसतो, बाळंतपणं झालेल्या आणि सिझेरियन किंवा क्युरेटिंग झालेल्या बायकांमध्ये अधिक. तिच्या फुल्या आणि कळा, दोन्हींचा हिशेब यात बसत होता.

काय काय वगळलं

फिगोनं २०११ साली रक्तस्रावाच्या कारणांचे नऊ गट केले. पॉलिप, ॲडेनोमायोसिस, फायब्रॉइड आणि कर्करोग किंवा त्याआधीचे बदल, हे चार डोळ्यांनी, सोनोग्राफीत किंवा तुकडा तपासून सापडणारे. उरलेले पाच तसे दिसत नाहीत: रक्त न गोठण्याचे विकार, अंडं वेळेवर न सुटणं, अस्तराचा स्वतःचा बिघाड, औषधांमुळे किंवा कॉपर-टीसारख्या साधनांमुळे झालेला रक्तस्राव, आणि कुठेच न बसणारी कारणं. एकाच बाईत दोन-तीन गट एकत्र असू शकतात, हे ही वर्गवारी गृहीत धरते. मला ती आवडते ती त्यासाठीच.

सगळ्यात आधी लघवीची गर्भचाचणी केली. “ऑपरेशन झालंय की माझं,” ती म्हणाली. बरोबर आहे. पण कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन क्वचित फसतं, आणि फसल्यावर राहिलेला गर्भ नळीत असण्याची शक्यता बरीच जास्त असते. दुखणं आणि अवेळी रक्त ही जोडी पाळीच्या वयात कुठेही दिसली की नळीतला गर्भ आधी वगळायचा, कारण तो काही तासांत जीव घेऊ शकतो. चाचणी निगेटिव्ह आली.

थायरॉइड ठीक निघालं. वयात आल्यापासून पाळी जड होती का, दात काढताना किंवा बाळंतपणात रक्त थांबत नव्हतं का, याची उत्तरं ‘नाही’ आल्यानं गोठण्याच्या तपासण्यांवर पैसे घालवले नाहीत. अस्तराचा तुकडा मात्र घेतला. ४५ वर्षांवरच्या बाईत अनियमित रक्तस्राव असेल तर तो घ्यायचाच असतो. ही ४२ची होती, पण रक्तस्राव दोन वर्षांचा आणि मधे गोळ्यांची भर. बारीक नळीनं ओपीडीतच तुकडा घेता येतो, भूल लागत नाही, मिनिटभर पाळीसारखी कळ येते. रिपोर्टमध्ये कर्करोग नव्हता, त्याआधीचे बदलही नव्हते.

ओटीपोटातलं प्रत्येक दुखणं पिशवीचं नसतं. मुतखडा, लघवीचा संसर्ग, जुनाट बद्धकोष्ठ, कंबरेचे मणके, भात लावताना दिवसभर वाकून राहणं, यातलं काहीही तिथेच दुखतं. लघवीची तपासणी स्वच्छ होती. उठल्या-बसल्यावर किंवा वजन उचलल्यावर दुखणं बदलत नव्हतं. ओटीपोटाच्या क्षयाचा विचार आपल्या देशात डोक्यात ठेवावाच लागतो, विशेषतः मूल होत नसलेल्या बायकांमध्ये. इथे तसं काही सापडलं नाही. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर पोटात असणं, हे साध्या सोनोग्राफीवरून पूर्ण वगळता येत नाही. पण त्यासाठी लगेच दुर्बीण घालायचं कारण मला दिसलं नाही, कारण त्याचा आणि ॲडेनोमायोसिसचा सुरुवातीचा उपचार जवळजवळ सारखाच.

उपचार

पॉलिप त्याच टेबलावर पीळ देऊन काढला आणि तपासायला पाठवला. असले पॉलिप क्वचितच कर्करोगाचे निघतात, तरी काढलेला पॉलिप कधीही कचऱ्यात टाकायचा नाही. रिपोर्ट साधा आला, एचपीव्हीही निगेटिव्ह. पाळी पुढे-मागे करायच्या गोळ्या बंद केल्या. तोंडानं घ्यायच्या लोहाच्या गोळ्यांनी तिला मळमळायचं, म्हणून शिरेतून लोह दिलं.

यानंतर मुद्दाम दोन पाळ्या जाऊ दिल्या. जड दिवसांपुरतं ट्रॅनेक्झामिक ॲसिड आणि कळांसाठी मेफेनॅमिक ॲसिड, बाकी काही नाही. नवरा वैतागला, “बाई, ह्येचा काय तरी सोक्षमोक्ष लावा की.” पण सगळे उपाय एकदम केले असते तर कशानं काय बरं झालं हे कळलं नसतं. दुसऱ्या पाळीनंतरच्या कालनिर्णयच्या पानावर एकही ठिपका नव्हता. फुल्या मात्र पूर्वीसारख्याच होत्या आणि पहिल्या दिवशीची कळ तसूभरही कमी झाली नव्हती. पॉलिपनं ठिपके दिले होते, वेदना नाही. वेदना ॲडेनोमायोसिसची होती. आणि ज्या फायब्रॉइडसाठी पिशवी निघणार होती तो जागच्या जागी, कुणाला त्रास न देता बसून होता.

मग हार्मोनची तांबी बसवली. गर्भाशयात राहून लेव्होनॉरजेस्ट्रेल थोडं थोडं सोडणारं हे साधन निदान पाच वर्षं काम करतं, अस्तर पातळ ठेवतं, रक्त कमी करतं आणि ॲडेनोमायोसिसच्या कळाही बऱ्याच जणींत कमी करतं. काही हजार रुपये खर्च येतो. ‘तांबी’ म्हटल्यावर तिनं नाकच मुरडलं, कारण शेजारणीला साध्या कॉपर-टीनं जास्त जायला लागलं होतं. कॉपर-टीनं रक्त वाढू शकतं, हिनं कमी होतं, हे समजावून सांगायला वेळ लागला. सुरुवातीचे तीन ते सहा महिने अधूनमधून डाग दिसतील हेही आधीच सांगितलं. ते सांगितलं नसतं तर तिसऱ्याच महिन्यात ती काढून घ्यायला आली असती, कारण गावात तसा सल्ला देणाऱ्या पुष्कळ जणी होत्या.

सातव्या महिन्यात पाळी दोन दिवसांवर आली होती. हिमोग्लोबिन ११.४ होतं. दुखणं तिच्या शब्दांत “निम्म्यावर आलंय, पण हाय.” पूर्ण गेलेलं नाही, हे इथे नमूद करायलाच हवं. तरी शेतातलं काम चुकत नाही आणि नवऱ्याला ‘नको’ म्हणायची वेळ येत नाही, एवढ्यावर ती समाधानी आहे.

जावेची फाइल

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत जाऊ स्वतःची फाइल घेऊन आली. वय ३९. पाच वर्षांपूर्वी पांढरं जाणं आणि कंबरदुखी एवढ्या तक्रारींसाठी पिशवी काढलेली, सोबत दोन्ही अंडाशयंही. कंबर अजून दुखते. त्याशिवाय अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही, सांधे धरतात. चौतिसाव्या वर्षी पाळी जाण्याचं वय तिच्यावर एका दिवसात आलं होतं. इतक्या लवकर अंडाशय गेल्यावर हाडं ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, म्हणून अशा बाईला नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत हार्मोन द्यावेत का हे पाहायचं असतं. पाच वर्षं तो विषय कुणी काढला नव्हता. तिच्यावर आता वेगळे उपचार सुरू आहेत.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढल्याचा प्रश्न गाजला, महाराष्ट्र सरकारनं चौकशी समिती नेमली. त्याच टोळ्या हंगामात बेळगाव जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या फडांतही येतात. अनावश्यक शस्त्रक्रियांवरच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये दिला. कागदावर आता बरंच काही आहे. पण सीमेवरची बाई कधी बेळगाव, कधी गडहिंग्लज, कधी मिरज असं फिरते, आणि एका राज्यातल्या डॉक्टरनं काय पाहिलं हे दुसऱ्या राज्यातल्या डॉक्टरला तिच्या हातातल्या पिशवीतूनच कळतं. त्या पिशवीतला एखादा कागद हरवला की तपासण्या पहिल्यापासून.

पिशवी काढणं वाईट, असं माझं म्हणणं नाही. ॲडेनोमायोसिसवर तो पक्का उपाय आहे आणि या बाईवरही कदाचित ती वेळ येईल. तिच्या कार्डावर पुढचं मराठीत लिहून दिलंय. तांबी असतानाही दुखणं किंवा रक्त वाढलं, तर दुर्बिणीतून पोकळी पाहायची. त्यानंतरही त्रास राहिला तर पिशवी काढण्याचा विचार, पण अंडाशयांत आजार नसेल तर ती ठेवून. एचपीव्हीची चाचणी पाच वर्षांनी पुन्हा. संबंधानंतर पुन्हा रक्त दिसलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता यायचं. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक ठिपका जरी दिसला तरी त्याच आठवड्यात यायचं, यात्रा असो की सुगी.